गाडीतली सॉकेटं बदलून काही होणार नाही, आधी न्यूट्रल कुठं बॉडीला चिकटलाय ते शोधा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला आणि रात्रीच लिहायला बसलो, कारण त्यात पोरीला झिणझिण्या आल्याचं वाचलं आणि ते उद्यावर टाकायचं काम नाही. म्हणून पहिलं सांगतो, हा सगळा घोळ सुटेपर्यंत गाडीला बाहेरची लाईट जोडू नका, इन्व्हर्टर पण बंद ठेवा. बारा व्होल्टवरचे दिवे पंखे खुशाल वापरा.

मला समजलं ते असं. तुम्ही जुनी ट्रॅव्हलर (मोठी व्हॅन) घेऊन सांगलीत एका गॅरेजमधून राहण्यासारखी करून घेतली, आत चार सॉकेट, एक इन्व्हर्टर, छोटा फ्रीज, इंडक्शन. घरासमोर लावून घरातून लीड दिली की सगळं चालतं. कासला होमस्टेवर लीड लावली की त्यांच्या घरातली आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) पडते, आणि होमस्टेवाले म्हणतात दोष तुमच्या गाडीत आहे. मागच्या दोन सॉकेटात टेस्टर दोन्ही होलात पेटतो पण चार्जर चालत नाही. आणि नातेवाईकांच्या रानातल्या वस्तीवर मुलगी ओल्या गवतातून अनवाणी आली, पायरीच्या दांडीला हात लावला तर झिणझिण्या आल्या. गॅरेजवाला म्हणतो चारी सॉकेटं बदलून टाकू, आणि मिस्टर म्हणतात टायर रबराचे आहेत, काय होत नाही.

मी साताऱ्यात वायरिंगचं काम करतो, पंचवीस वर्षं होऊन गेली. घरं, कारखाने, आणि मधल्या काळात गाड्यांची कामं पण बरीच केली, जत्रेतल्या स्टेजच्या गाड्या, खाण्याच्या गाड्या, दाताच्या डॉक्टरांची एक फिरती गाडी. तुमची गाडी मी बघितलेली नाही त्यामुळं काही गोष्टी अंदाजानं सांगतोय, कुठं अंदाज आहे ते तिथंच सांगेन. पण तुमच्या तीन तक्रारींवरून बरंच कळतंय, आणि माझ्या मते हे दोन वेगवेगळे दोष आहेत. एक साधा आहे, दुसरा जिवावरचा.

साधा आधी घेऊ. दोन्ही होलात टेस्टर पेटतो म्हणजे दोन्हीकडं फेज (करंट आणणारी वायर) आलाय असं लोकांना वाटतं, तसं नसतं. मागच्या सॉकेटांचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, मधेच कुठंतरी सुटलाय. न्यूट्रल सुटला आणि तिथं एखादा चार्जर लावून बटण चालू ठेवलेलं असलं की फेज त्या चार्जरमधून फिरून न्यूट्रलच्या वायरीत येतो, पुढं जायला वाट नाही म्हणून तिथंच तटून राहतो, आणि टेस्टर दोन्हीकडं पेटतो. खात्री करायची तर वायरमन समोर असताना मागच्या दोन्ही सॉकेटांतलं सगळं काढायचं आणि परत टेस्टर लावायचा. डाव्या, म्हणजे न्यूट्रलच्या होलातला उजेड गेला किंवा अगदी मंद झाला तर न्यूट्रल तुटलाय हे पक्कं. मात्र हे घरच्या लाईटीवर बघायचं, इन्व्हर्टरवर नाही, कारण बऱ्याच इन्व्हर्टरच्या आउटपुटला न्यूट्रल असा नसतोच, दोन्ही वायरी जमिनीच्या हिशोबानं अर्ध्या अर्ध्या व्होल्टेजवर लटकत असतात आणि टेस्टर दोन्हीकडं पेटतो, दोष नसतानाही.

आता सुटलेला न्यूट्रल शोधायचा कुठं तर मेलेल्या सॉकेटात नाही, त्याच्या अलीकडच्या चालू सॉकेटात. गाडीत वायर एका सॉकेटातून दुसऱ्यात लूप करत नेलेली असते, एका स्क्रूखाली दोन वायरी दाबलेल्या असतात. घरात हे वर्षानुवर्षं टिकतं. गाडीत टिकत नाही. सांगलीहून कऱ्हाड सातारा करत वर यवतेश्वरचा घाट चढून कासला गेलात म्हणजे प्रत्येक स्क्रूला किती हादरे बसले असतील विचार करा. त्यात जर घरात वापरतात ती एकेरी जाड तारेची वायर टाकली असेल तर ती स्क्रूपाशी मोडते, वरून इन्सुलेशन शाबूत दिसतं आणि आत तार तुटलेली असते. गाडीत मल्टीस्ट्रँडच (बारीक तारांचीच) वायर पाहिजे, टोकाला लग (धातूचं टोक) क्रिंप करून म्हणजे दाबून बसवून, आणि पत्र्यातून जाते तिथं रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकातलं कडं. सॉकेट उघडल्यावर स्क्रूपाशी प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसलं किंवा जळकट वास आला तर तेवढं एक सॉकेट जरूर बदला. चारी बदलायचं कारण नाही.

आता दुसरा दोष. घरी सगळं चालतं आणि होमस्टेवर पडतं, म्हणजे होमस्टेची लाईन खराब असं नाही. उलट त्यांचंच बरोबर आहे. आरसीसीबी एकच काम करते, फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का ते बघते. घरगुती आरसीसीबी 30 मिलीअँपची असते, एवढा फरक दिसला की पडते. तुमच्या घरी बहुतेक आरसीसीबी नाहीच, नुसत्या एमसीबी (करंट फार वाढला की पडणारे स्विच) असतील, जुन्या घरांत तसंच असतं. म्हणून तिथं दोष दिसत नाही, गाडी तीच आणि दोषही तोच. तुमच्या गाडीत कुठंतरी न्यूट्रल आणि अर्थिंग (दोष आला तर करंट जमिनीत नेणारी वायर) एकत्र झालेत, त्यामुळं परत जाणारा करंट थोडा न्यूट्रलनं आणि थोडा अर्थिंगच्या वायरीनं जातोय, आणि होमस्टेची आरसीसीबी तो हिशोब पकडतेय.

आणि हे एकत्र होणं मागच्या दोन सॉकेटांत नाही एवढं मी इथं बसून सांगू शकतो. बरेच जण अर्थिंग नसलं की सॉकेटातच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला वायरीचा तुकडा मारून देतात, टेस्ट केलं की अर्थिंग आहे असं वाटतं. तसं तुमच्या मागच्या सॉकेटात केलं असतं तर न्यूट्रल सुटल्यावर करंटनं अर्थच्या वायरीतून वाट काढली असती आणि चार्जर चालला असता. चालत नाही, म्हणजे तुकडा तिथं नाही. मग राहिलं काय, पुढची दोन सॉकेटं, मेन बोर्ड, आणि इन्व्हर्टर. माझा संशय इन्व्हर्टर आणि बोर्डावर आहे, आणि त्याचं कारण रंग.

गॅरेजवाल्यांचं मुख्य काम गाडीच्या बॅटरीचं असतं. तिथं लाल म्हणजे प्लस आणि काळी म्हणजे मायनस, आणि मायनस बॉडीला लावायचा हा नियमच आहे. आपल्या घरच्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. आता बघा, एकाच गाडीत दोन काळ्या वायरी झाल्या, एक बॉडीला लावायलाच पाहिजे आणि दुसरी बॉडीला चुकूनही लागता कामा नये. हाताला सवय आहे काळी दिसली की बॉडीला मारायची, आणि झालं. वर आणखी, इन्व्हर्टरच्या किंवा फ्रीजच्या कॉर्डमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थ असते, तर थ्री फेजची मोटर जोडणाऱ्या माणसाला लाल-पिवळी-निळी म्हणजे तिन्ही फेजच, निळी त्याच्या डोक्यात फेज. आणि कॅम्परचे व्हिडिओ बरेचसे अमेरिकेचे असतात, तिथं काळी वायर म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल, लाईट पण 120 व्होल्टची. तो व्हिडिओ बघून कुणी काळी उजवीकडं, फेजच्या जागी जोडली तर मुद्दाम चूक केली असं मी म्हणणार नाही, पण रंग बघून वायरिंग कधीच बरोबर धरायचं नाही, मीटर लावूनच धरायचं.

रबराच्या टायरचं मिस्टरांना नीट समजावून सांगा, कारण धोका तिथंच आहे. टायर रबराचे आहेत म्हणून बॉडीत करंट आला तरी तो जमिनीत जात नाही, काहीच पडत नाही, कळत नाही. आतल्या माणसाला पण काही होत नाही, कारण त्याचे हातपाय सगळे त्याच बॉडीवर. मग एखादा खाली उतरतो, एक हात दांडीला आणि पाय ओल्या मातीत, आणि सगळा करंट त्याच्यातून जमिनीत जातो.

हे मी डोळ्यानं बघितलंय. एका जत्रेत स्टेजच्या गाडीवर मला बोलावलं, पोरं म्हणत होती शिडीवर पाय ठेवला की झटका बसतोय, वर चढल्यावर काय नाही. आदल्या गावात दोन दिवस तीच गाडी तशीच चालली होती, एकालाही काही झालं नव्हतं. उघडून बघितलं तर गाडीला अर्थिंग नाही म्हणून कुणीतरी न्यूट्रल चेसिसच्या बोल्टला पक्का आवळलेला. आदल्या गावात लीड सरळ लागली होती म्हणून बॉडीवर न्यूट्रल होता. ह्या गावात लीडचा पिन टॉप (बोर्डात खुपसायचा प्लग) तुटला म्हणून नवीन बसवला आणि बसवताना फेज-न्यूट्रल उलटे झाले. एवढंच. गाडीतली एकही वायर हलली नव्हती आणि अख्ख्या गाडीची बॉडी 230 व्होल्टवर उभी होती, खाली लहान मुलं. तेव्हापासून न्यूट्रल बॉडीला जोडलेली गाडी दिसली की मी त्या माणसाला तिथंच थांबवतो, वाईट वाटलं तरी चालेल.

तुमच्या मुलीला झिणझिण्यावर भागलं, जोराचा झटका बसला नाही, त्याचं कारण माझ्या अंदाजानं त्या वस्तीवरच्या लाईनीत आहे. रानात पुष्कळ ठिकाणी न्यूट्रल नसला की मोटरच्या पेटीतून एक फेज आणि अर्थिंगचा रॉड एवढ्यावरच बल्ब पंखा चालवतात. मग तो रॉडच न्यूट्रल होतो, लोड टाकला की त्याच्यावरच पन्नास-साठ, कधी जास्त व्होल्ट येतात, आणि तुमच्या गाडीत न्यूट्रल बॉडीला असल्यामुळं तेच व्होल्ट दांडीवर आले असणार. दुसरी शक्यता पण आहे. गाडीला अर्थिंगच पोचलेलं नसेल तर इंडक्शन, चार्जर, टीव्ही यांच्या आतल्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येतो आणि मीटरवर 110 च्या आसपास दिसतं. तो करंट बारीक असतो, मुंग्या आल्यासारखं लागतं. दोन्हीपैकी कुठलं ते मोजल्याशिवाय कळणार नाही, पण दोन्हीचा अर्थ एकच की बॉडी सुरक्षित नाही.

आता मोजायचं कसं. पहिलं मोजमाप लाईट न जोडता आहे, मीटर असेल तर तुम्ही स्वतः करू शकता. लीड घराच्या बोर्डातून काढा, इन्व्हर्टर बंद करा आणि त्याची बॅटरीची वायर पण सोडा, गाडीतली मेन चालू स्थितीत ठेवा. मीटर बीपवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो त्या सेटिंगवर) लावा आणि लीडच्या पिन टॉपवरच बघा. मोठी पिन म्हणजे अर्थ, तिच्यापासून गाडीच्या बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टपर्यंत बीप आला पाहिजे. मोठी पिन आणि न्यूट्रलची पिन, बीप येता कामा नये. मोठी पिन आणि फेजची पिन, बीप येता कामा नये. चेंजओव्हर (बाहेरची लाईट की इन्व्हर्टर ते निवडणारा स्विच) असेल तर दोन्ही बाजूला करून बघा. माझा अंदाज खरा असेल तर दुसऱ्या मोजमापाला बीप येईल. आला की मग वायरमननं बोर्डातल्या न्यूट्रल लिंकवरून (सगळे न्यूट्रल जिथं एकत्र येतात त्या पट्टीवरून) एकेक न्यूट्रल सोडत जायचं, जो सोडल्यावर बीप थांबेल तो गुन्हेगार. सुरुवात इन्व्हर्टरच्या न्यूट्रलपासून करा, निम्म्या वेळा तिथंच सापडतं. एमसीबी बंद करून शोधायला जाऊ नका, सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि तुम्ही दिवसभर शोधत बसाल.

मग लाईट जोडून मोजायचं, हे मात्र परवाना असलेल्या वायरमनकडून, कोरड्या जागी, पायात चप्पल असताना. आधी ज्या बोर्डातून लाईट घेणार तो बोर्ड, मग लीडचं दुसरं टोक, आणि शेवटी गाडीतली सॉकेटं, ह्याच क्रमानं, नाहीतर बाहेरचा दोष गाडीच्या नावावर जातो. सॉकेट समोरून बघितलं की वरचं मोठं होल अर्थ, उजवं फेज, डावं न्यूट्रल. उजवं-डावं 230 च्या आसपास, उजवं-वरचं पण तेवढंच, डावं-वरचं दोन-तीन व्होल्टच्या आत. डावं-वरचं 230 आणि उजवं-वरचं शून्य आलं तर फेज-न्यूट्रल उलटे. सगळं चालतं, पण बटण बंद केलं तरी इंडक्शनमध्ये फेज राहतोच. उजवं-डावं शून्य आणि वरच्या होलाला दोन्हीकडून 230 आलं तर ताबडतोब मेन बंद करा, एकतर अर्थच्या पिनवर फेज आहे, नाहीतर न्यूट्रल सुटलाय आणि काहीतरी लावलेलं असल्यानं दोन्ही होलात फेज आहे.

एक बारीक खूण सांगतो. 1500 वॉटची किटली लावून पाणी तापत असताना डावं-वरचं मोजायचं. लांब वायरीत थोडा ड्रॉप होतोच म्हणून एखादा दीड व्होल्ट वाढायला पाहिजे. काटेकोर शून्यच राहिलं तर न्यूट्रल आणि अर्थ तिथंच जवळपास जोडलेले आहेत असं समजायचं. आणि सुट्या वायरीवर मीटर चाळीस, साठ, ऐंशी असलं काहीही दाखवतो, त्याला भुलायचं नाही. शंका आली की जुना तारेचा (फिलामेंटचा) बल्ब लावून बघायचं, बल्ब पेटला तर व्होल्टेज खरं, आणि आकडा शून्यावर कोसळला तर ते नुसतं भुताटकीचं व्होल्टेज. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावला तर आरसीसीबी पडणारच, ती पडली तर चांगलंच, अर्थिंग जिवंत आहे आणि आरसीसीबी पण.

दुरुस्तीत मी तुमच्या जागी काय करेन ते सांगतो. न्यूट्रल बॉडीपासून सगळीकडून सोडवायचा. अर्थ मात्र बॉडीला जाड वायरीनं, रंग खरवडून, बोल्टनं पक्का, आणि तीच अर्थ लीडमधून बाहेरच्या बोर्डापर्यंत. लाईट गाडीत शिरते तिथंच डबल पोलची मेन आणि 30 मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे बाहेरच्या माणसाकडं असो नसो, तुमची तुमच्याजवळ. डबल पोल का, तर कुणाच्या तरी बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे मिळणारच आहेत, आपण दोन्ही तोडायचे. इन्व्हर्टर आणि बाहेरची लाईट यांच्यामध्ये दोन्ही वायरी बदलणारा चेंजओव्हर पाहिजे, नुसता फेज बदलून न्यूट्रल सगळे एकाच लिंकवर ठेवले की परत हाच दोष येतो. इंडक्शन 2000 वॉटचं असेल तर पावणेनऊ अँपच्या आसपास करंट जातो, त्याला 6 अँपचं सॉकेट चालणार नाही, 16 अँपचं आणि अडीच स्क्वेअर एमएमची वायर.

इन्व्हर्टरबद्दल मला थांबायला लागतंय, कारण ते मॉडेलवर आहे. गाडी इन्व्हर्टरवर चालताना आरसीसीबीनं काम करायचं तर इन्व्हर्टरच्या आउटपुटला, आरसीसीबीच्या अलीकडं, एक वायर अर्थला जोडलेली लागते, आणि बाहेरची लाईट आली की तो जोड सुटायला लागतो. काही इन्व्हर्टर हे आतल्या रिलेनं आपोआप करतात. काहींना आउटपुटची कुठलीच वायर बॉडीला चालत नाही, लावली की बोर्ड जळतो. त्यामुळं ह्यात अंदाजानं कुणाला हात घालू देऊ नका, कंपनीचं माहितीपत्रक बघूनच.

कुणी म्हणेल एक रॉड जमिनीत ठोका, झालं अर्थिंग. कासवर जांभा दगड आहे, तिथं रॉड वीतभर पण जात नाही, आणि मुरमाड जागेत गेला तरी त्याचा रेझिस्टन्स शंभर ओहम धरा. 230 ला शंभरानं भागलं तर सव्वादोन अँप, त्यावर 16 अँपची एमसीबी हलणार पण नाही, बॉडी तशीच चालू राहील. आरसीसीबी असेल तर तेवढ्यावर लगेच पडेल. म्हणून रॉड असला तर चांगलंच, पण त्याच्या भरवशावर आरसीसीबी टाळायची नाही. तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबत जा, फक्त ते दाबून आरसीसीबी पडली म्हणजे अर्थिंग चांगलं असं नव्हे, त्या बटणाचा अर्थिंगशी काही संबंध नाही.

आणि रानातल्या वस्तीवर जोडण्याआधी व्होल्टेज मोजल्याशिवाय पिन लावू नका, थ्री फेजच्या लाईनीवर न्यूट्रल सुटला असेल तर सॉकेटात तीनशेच्या वर पण व्होल्ट मिळतात आणि फ्रीज तिथंच जातो.

आता तुम्ही एवढंच करा, पिन टॉपवरची ती तीन बीपची मोजमापं घ्या आणि कशाला बीप आला कशाला नाही ते लिहा, सोबत इन्व्हर्टरच्या मागच्या पाटीवरचं मॉडेल आणि बोर्ड उघडल्यावरचा एक फोटो टाका. न्यूट्रल लिंकवर किती वायरी आहेत ते फोटोत दिसलं पाहिजे. मी बघून कुठली वायर आधी सोडायची ते सांगतो.